कडेची नजर

होर्तोबाद्यच्या माळावर एप्रिलची अमावास्या.
मासळीच्या तळ्यात बेडकांचा बाजार भरलेला,
विहिरीवरचा उपशाचा लांब दांडा
आभाळात खुपसून विसरल्यासारखा.
बोल्दिझारने गाडीतून दुर्बीण उतरवली,
म्हणजे किंचोने उतरवली,
तो नुसता "सांभाळून" म्हणाला.

दहा इंची आरसा, त्यानेच घासलेला,
दोन हिवाळे, पिंपाभोवती फेऱ्या मारत.
नळी खांब ओतायच्या पुठ्ठ्याची,
बैठक बंद पडलेल्या सिनेमाघराच्या दाराची.
अजून वाचता येतं त्यावर: ढकला.

मी देब्रेत्सेनची औषधवाली. पहिल्यांदाच आलेली,
आणि फोटो पाहून आलेली:
रंगीत भोवरे, जांभळे पंख.
डोळा लावला.
काळोख. मग काळोखात
काचेवर कुणी श्वास सोडावा तसा एक डाग.
"एवढंच?"
"एवढंच," किंचो म्हणाली.
चौदा वर्षांची आहे, कुणाची समजूत घालत नाही.
"एवढंच, म्हणजे हजारो कोटी सूर्य."

सिंहाच्या शेपटीशी उत्तरा फाल्गुनी,
तिथून कन्येतल्या द्राक्षं खुडणारीपर्यंत
मनाने रेघ ओढायची,
रेघेच्या मध्यावर जाऊन उभं राहायचं
आणि हरवायचं.
तिथे दुर्बिणीत ताऱ्यांपेक्षा दीर्घिकाच जास्त,
वाकड्या दोऱ्यात ओवलेले सात-आठ डाग.
मार्केरियनची माळ म्हणतात हिला.
माळावर उभं राहून माळ शोधायची,
बोटं गारठलेली, चहात थोडी पालिंका.

"थेट बघू नका," बोल्दिझार म्हणाला,
"थेट बघितलं की जाते ती.
शेजारी बघा. पाहुण्याच्या ताटात
किती उरलंय ते बघतो ना, तसं."

बघितलं. डाग फुगला.
त्याच्याजवळ दुसरा उमटला.
साडेपाच कोटी वर्षांपूर्वी निघालेला उजेड.
तेव्हा घोडा कोल्ह्याएवढा होता,
पुढच्या पायांना चार-चार बोटं,
पाल्यातून दबकत चालणारा.
कुंपणापलीकडे आत्ताचा घोडा फुरफुरला,
टाप आपटली. एका खुराची.
उजेड वाटेत होता, तेवढ्यात इतकं झालं.

मग त्याची पाळी.
किंचोने नळी धरली, त्याने टोपी काढली.
तीन वर्षं झाली, दोन्ही डोळ्यांचा मध्य गेलाय त्याचा.
गोळ्या माझ्याच दुकानातून जातात,
आणि मला ठाऊक आहे,
त्यांनी गेलेलं परत येत नाही.
समोरच्याचं तोंड त्याला दिसत नाही, कान दिसतात.
नोट कितीची ते तो बोटांनी ओळखतो.
दारावरचं "ढकला" पाठ आहे, म्हणून आहे.

"डावीकडे. अजून. थांब.
दोन मोठ्या. त्यांच्या खाली एक
सुरीच्या पात्यासारखी, आडवी.
पलीकडे जोडी, घुबडाच्या डोळ्यांसारखी.
आणि तिकडे, अगं, तिकडे..."
मला तिथे काही नव्हतं. किंचोला तीन.
त्याला अकरा.

"तुम्हाला कडेने बघायला शिकावं लागतं," तो म्हणाला,
"मला तेवढंच ठेवलंय."
हसला की काय, अंधारात कळलं नाही.

किंचो वहीत खुणा करत होती,
सायकलच्या दिव्याला लाल नेलपॉलिश फासून.
"त्या दोन मोठ्यांतली एक आपल्याकडे येतेय," ती म्हणाली,
"बाकीचं बहुतेक सगळं लांब चाललंय. ही उलटी.
सेकंदाला जवळजवळ अडीचशे किलोमीटर."
"पोचेल कधी?"
"नाही पोचणार. घरचा गोतावळा मागे ओढेल तिला."
जरा थांबून,
"पण सध्या येतेय."

भिंगावर दव धरलं.
किंचो केस वाळवायचं यंत्र गाडीच्या बॅटरीला जोडायला गेली.
बोल्दिझार माझ्याकडे वळला
आणि माझ्या खांद्याच्या थोडं पलीकडे,
जिथे कुणीच नव्हतं, तिथे टक लावून राहिला.
मला वळून बघावंसं वाटलं.
मग कळलं,
तो मला बघत होता.